घाटाला किती घोडे लागतात?

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की लोक बटाटेवड्यासाठी फलाटावर उतरतात. तेवढ्या वेळात गाडीच्या मागच्या टोकाला जादा इंजिनं जोडली जात असतात. रेल्वेत त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, आणि घाट चढून झाला की बँकर सुटून पुन्हा खाली कर्जतला येतात. अलीकडे काही गाड्या दोन्ही टोकांना इंजिन लावूनच धावतात, त्यांना ही मदत लागत नाही. पण बाकीच्यांना पळसदरीच्या पुढचा बोरघाट एकट्या इंजिनाने चढवत नाही. जेम्स बर्कली या अभियंत्याच्या देखरेखीखाली १८५६ ते १८६३ या काळात हा घाटमार्ग बांधला गेला. त्याचा सर्वांत कडक चढ ३७ ला १ आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर जाते.

मोटाररस्ता याहून कडक. खोपोलीहून खंडाळ्याकडे जाताना सरासरीच वीसास एकच्या आसपास पडते आणि मधले काही तुकडे त्याहून पुष्कळ उभे आहेत. नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्याकडे जाणारा रस्ता तर सात-आठ किलोमीटरांत सुमारे ७०० मीटर चढतो. त्याच डोंगरावर जायला १९०७ साली सुरू झालेली छोटी रेल्वे २१ किलोमीटरांचे वळसे घेते. मोटारीच्या मागे मात्र कोणी बँकर लावत नाही. म्हणूनच कर्जत-खालापूर भागात जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी हा विषय निघतो: गाडी चांगली आहे, विकावीशी वाटत नाही, पण घाटात ओढत नाही, इंजिनाची ताकद वाढवता येईल का?

वाढवता येते. पण त्याआधी किती लागते आणि किती आहे, याचा हिशेब मांडू.

एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. एवढी एक व्याख्या पुरते. मारुती ८०० चं उदाहरण घेऊ, कारण १९८३ च्या डिसेंबरात पहिली गाडी रस्त्यावर आल्यापासून जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत मराठी मध्यमवर्गाची पहिली मोटार बहुधा हीच होती. गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. त्यात पाच माणसं, डबे, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या धरल्या की हजार किलो झाले. खोपोली ते खंडाळा उंचीचा फरक ढोबळमानाने ५०० मीटर धरा. हजार किलो ५०० मीटर उचलायचे, दहा मिनिटांत. म्हणजे सेकंदाला सुमारे ८३३ किलो-मीटर. त्याला ७५ ने भागा: अकरा अश्वशक्ती. ताशी ६० च्या वेगाला टायरांचं घर्षण आणि वारा मिळून आणखी सहा घोडे खातात. गिअरबॉक्समध्ये आणि चाकांपर्यंत पोचताना थोडे गळतात. म्हणजे इंजिनाने वीस घोडे दिले तर सरासरी चढ निभावतो, आणि चढ दुप्पट झाला तर त्याच वेगाला तीस-बत्तीस लागतात. वेग उतरवला की गरजही उतरते.

मारुती ८०० चं इंजिन ३७ अश्वशक्तीचं. कागदावर शिल्लक राहते. मग घाटात गाडी दम का टाकते?

माझी गाडी दम टाकायची तेव्हा मला हा हिशेब माहीत नव्हता. गाडी मारुती ८००च, कार्ब्युरेटरवाली, जुनी; कर्जतहून लोणावळ्याला निघालो की खोपोली सोडल्यावर तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात. शिंग्रोबाच्या देवळापर्यंत तापमानाचा काटा वर सरकलेला असायचा. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर शिंग्रोबा लोककथेतला. त्याच्या देवळापाशी अजूनही कित्येक ड्रायव्हर नाणं टाकून पुढे जातात. मी तिथे गाडी बाजूला घेऊन इंजिन थंड व्हायची वाट बघायचो. शेवटी खोपोलीतल्या एका मिस्त्रींकडे गेलो आणि थेट विचारलं, "मिस्त्री, हिला झेनचं इंजिन बसेल का?"

त्यांनी बॉनेट उघडलं, एअर फिल्टर काढून उन्हाकडे धरला आणि म्हणाले, "दादा, इंजिन वाढवायचं मागून बघू. आधी जे आहे ते चाकापर्यंत पोचतंय का बघू."

पुढचा तासभर त्यांनी जे केलं ते सविस्तर सांगतो, कारण जुनी गाडी असलेल्या प्रत्येकाने ते एकदा करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्यांनी इंजिन गरम केलं, तिन्ही प्लग काढले, एकेका भोकात कॉम्प्रेशनचं गेज बसवलं आणि मला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला सांगितलं. पहिला सिलिंडर बारा. दुसरा साडेअकरा. तिसरा आठ. मग तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. काटा आठवरच. "रिंगा ठीक आहेत," ते म्हणाले, "व्हॉल्व्ह गळतोय." ऑइल टाकल्यावर आकडा वाढला असता तर रिंगा झिजल्या असं निघालं असतं, कारण ऑइल रिंगांच्या फटी तेवढ्यापुरत्या बुजवतं. वाढला नाही, म्हणजे हवा वरून, व्हॉल्व्हमधून निसटत होती. तीन सिलिंडरांपैकी एक अर्धवट काम करत होता.

नंतर त्यांनी गाडी जॅकवर घेऊन मागची चाकं हाताने फिरवली. उजवं मोकळं फिरलं. डावं अर्ध्या फेरीत थांबलं. हँडब्रेकची केबल अडकून लायनर ड्रमला सतत घासत होता. शेवटी गाडी रस्त्यावर काढून चौथ्या गिअरमध्ये एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबला: इंजिनाचा आवाज चढला, गाडीचा वेग मात्र तितका चढला नाही. क्लच प्लेट घसरत होती.

हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून बसवले, टॅपेट लावले, क्लच प्लेट बदलली, केबल सोडवली, एअर फिल्टर नवा, प्लग नवे, टायमिंग लावलं. नवी ताकद म्हणून एक घोडाही जोडला नव्हता. पण कंपनीने दिलेले ३७ घोडे परत आले होते आणि ते चाकापर्यंत पोचत होते. त्यानंतर पाच माणसं घेऊन मी न थांबता खंडाळ्याला पोचलो.

"गाडीला पिकअप नाही" म्हणून गॅरेजमध्ये येणाऱ्या जुन्या गाड्यांना बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. तुंबलेला सायलेन्सर, कमी हवेचे टायर, कार्ब्युरेटरमधलं झिजलेलं जेट, उशिरा पडणारी ठिणगी. प्रत्येक गोष्ट घोडा-दोन घोडे घेऊन जाते आणि मालकाला ते गेलेले कळत नाहीत, कारण ते एका दिवसात जात नाहीत.

ड्रायव्हरच्या डाव्या हातात आणखी काही घोडे असतात. मारुती ८०० च्या इंजिनाचा कमाल टॉर्क, म्हणजे पिळण्याचं बळ, ५९ न्यूटन-मीटर आहे आणि ते मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर मिळतं. ताकद म्हणजे हे बळ गुणिले फेऱ्या. २००० फेऱ्यांवर ते इंजिन सोळाच्या आसपास अश्वशक्ती देतं आणि ४००० फेऱ्यांवर तीसच्या आसपास. इंजिन तेच, पेट्रोल तेच. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरत, रडत चढत असेल तर तुम्ही अर्धं इंजिन वापरत आहात. दुसरा टाका. आवाज वाढेल; वाढू द्या. पुष्कळ जण "इंजिन ओरडतंय" म्हणून गिअर वाढवतात. खरं तर कमी फेऱ्यांवर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून ओढायला लावणं हे पिस्टन आणि बेअरिंगला जास्त त्रासाचं असतं. नेरळ स्टेशनाबाहेर माथेरानसाठी उभ्या असलेल्या ओम्नी व्हॅनकडे बघा. ओम्नीत हेच ७९६ सीसी इंजिन असतं. माणसं आणि बॅगा भरून ती दस्तुरीचा चढ दिवसातून कित्येकदा चढते, खालच्या गिअरमध्ये, चढत्या फेऱ्यांवर, वळणाच्या आधी गिअर टाकून. तिच्या ड्रायव्हरशेजारी बसून एकदा वर जा. जे शिकाल ते कुठल्याही सुट्या भागाने मिळणार नाही.

एसी बंद केला की लगेच दोन-तीन घोडे सुटतात. ३७ मधले तीन म्हणजे बारावा हिस्सा, आणि त्यासाठी खर्च काहीच नाही. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीला घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलवर घ्यावं. वायू सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवतो, त्यामुळे साध्या किटवर ताकद दहा टक्क्यांच्या आसपास घटते, वर डिकीतली लोखंडी टाकी म्हणजे एका माणसाचं वजन. उंचीचाही वाटा असतो: दर १०० मीटरला हवा सुमारे एक टक्क्याने विरळ होते, म्हणजे खंडाळ्यापर्यंत पाच-सहा टक्के ताकद आपोआप उतरते.

आता खरोखर ताकद वाढवण्याविषयी. इथे गैरसमज फार आहेत. पहिला बोअरिंगचा. इंजिनाचं काम काढलं, ओव्हरसाइज पिस्टन टाकला, म्हणजे "गाडी आता जास्त पळेल" असं लोक समजतात. मारुती ८०० च्या सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ७२ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर बोअर वाढवला तर ७९६ सीसीचे सुमारे ८०८ होतात. बारा सीसी. दीड टक्का. बोअरिंगनंतर गाडी पळते ती झिजलेली भिंत पुन्हा गोल झाल्यामुळे.

दुसरा मार्ग हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा. यात ताकद खरोखर वाढते, पण जास्त दाबलेलं मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटू लागतं आणि चढावर इंजिन खडखडतं. मिस्त्री त्याला नॉकिंग म्हणतात. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडतं. रुंद कार्ब्युरेटर, वेगळा कॅमशाफ्ट, मोकळा सायलेन्सर यांनी मिळणारी ताकद बहुधा वरच्या फेऱ्यांवर असते. शर्यतीच्या गाडीला ती उपयोगी. मुलाबाळांना घेऊन घाट चढणाऱ्या गाडीला खालच्या आणि मधल्या फेऱ्यांवर ओढ लागते, आणि ती या उपायांनी अनेकदा कमीच होते. मोकळ्या सायलेन्सरने आवाज तेवढा हमखास वाढतो. जुन्या कार्ब्युरेटर इंजिनावर टर्बो बसवण्याचा विचार कुटुंबाच्या गाडीसाठी सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दाबासाठी पिस्टन, हेड गॅस्केट, रेडिएटर यांपैकी काहीच तयार केलेलं नसतं.

उरतो तो मोठ्या इंजिनाचा मार्ग. हा कंपन्यांनीही चोखाळला आहे, आणि त्यांनी तो कसा चोखाळला ते बघण्यासारखं आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यात बनणारी पद्मिनी १०८९ सीसीची, चाळीस अश्वशक्तीच्या आसपासची. १९८० च्या दशकात त्यांना जास्त ताकदीची गाडी हवी झाली तेव्हा त्यांनी निस्सानचं ११७१ सीसी इंजिन आणलं. ते बसवलं मात्र पद्मिनीत नव्हे, तर फियाट १२४ च्या वेगळ्या सांगाड्यात, आणि ११८ एनई ही गाडी झाली. अम्बॅसिडरला १९९० च्या दशकात १४८९ सीसीच्या जागी इसुझूचं सुमारे १८०० सीसी इंजिन मिळालं, आणि त्यासोबत पाच गिअरांचा नवा गिअरबॉक्सही आला. इंजिन बदललं की बाकीचं बदलावं लागतं. जास्त टॉर्क जुनी क्लच प्लेट घसरवतो, ड्राइव्ह शाफ्ट पिळतो, रेडिएटरला जास्त उष्णता देतो. जड इंजिनाने गाडीचं नाक खाली बसतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, जुना ब्रेक नव्या वेगासाठी बनवलेला नसतो.

खोपोलीच्या मिस्त्रींनी मला झेनच्या इंजिनाविषयी हेच सांगितलं. झेनचं इंजिन ९९३ सीसी, चार सिलिंडर, पन्नास घोड्यांचं. "बसवता येतं," ते म्हणाले, "पण मग गिअरबॉक्स, माउंटिंग, ब्रेक सगळं झेनचंच लागेल. तेवढ्यापेक्षा झेनच घ्या की."

कायद्याचंही तेच म्हणणं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळे होतील असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ आणखी पक्का केला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. इंजिन निकामी झालं आणि त्याच जातीचं दुसरं बसवायचं असेल तर वाट आहे, पण आधी आरटीओला विचारून, इंजिनाच्या बिलासह, आणि नवा इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात चढवून. तुमची पाटी एमएच-०६ असो वा एमएच-४६, हे काम टाळू नका. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी तपासायला न्यावीच लागते, आणि अपघात झाला तर न कळवलेल्या फेरफारावर विमा कंपनी पहिलं बोट ठेवते.

पेट्रोलही बदललं आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं आणि जुन्या फियाट-अम्बॅसिडरच्या मऊ व्हॉल्व्ह सीट झिजू लागल्या, कारण शिशाचा थर त्यांना जपत असे. अशा गाडीचं हेड उघडलंच तर कडक सीट बसवून घ्याव्यात. आता पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्यात लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्के कमी असते, आणि जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ होऊन गाडी चढावर अडखळते. जेट आणि फ्लोटची पातळी तपासून घ्यावी, आणि इंधनाचे जुने रबरी पाइप बदलून टाकावेत. ते फुगतात, तडकतात, आणि गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग.

एवढं सगळं चढाविषयी झालं. मला काळजी वाटते ती उताराची, आणि ताकद वाढवायला निघालेला माणूस नेमका तिकडे बघत नाही.

खोपोलीला १९१५ पासून टाटांचं वीजकेंद्र आहे. लोणावळ्याच्या वरच्या तलावांतलं पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येतं आणि जनित्रं फिरवतं; मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या. तुमची गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरते तेव्हा तीही तेवढीच उंची सोडते. त्या उतरण्यातली सगळी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. हजार किलोची गाडी ५०० मीटर उतरताना जेवढी ऊर्जा सोडते तेवढ्यात सोळा लिटर पाणी, म्हणजे आंघोळीची बादली, उकळेल. गिअर न्यूट्रल करून, पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर त्या उष्णतेचा मोठा भाग चार चाकांच्या ब्रेकमध्ये जातो. लायनर तापून गुळगुळीत होतो, ब्रेक ऑइलमध्ये पाण्याचा अंश असेल तर त्याची वाफ होते, आणि पेडल एकदम खाली जातं. वाफ दबते, तेल दबत नाही. पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही.

न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचतं असं सांगणारे आजही भेटतात. त्यांचं ऐकू नका. जुने ड्रायव्हर सांगतात तोच नियम पाळा: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. मग इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक वळणापुरते थंड राहतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ताकदीसाठी पैसे बाजूला ठेवले असतील तर त्यांतले पहिले ब्रेकवर खर्च करा: लायनर, व्हील सिलिंडर, पुढचे पॅड, रबरी होज, चारही टायर.

पुढच्या वेळी घाट उतरून खोपोलीत आलात की सुरक्षित जागी गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ तळहात न्या, लावू नका. डावी आणि उजवी बाजू सारखीच गरम लागली पाहिजे. एक चाक जोडीच्या चाकापेक्षा जास्त भाजत असेल तर तिथला ब्रेक अडकलेला आहे. दुसऱ्या दिवशी तो ड्रम उघडून घ्या.